मंडळीची ओळ

पारोळ्याच्या स्टँडवर अमळनेरच्या गाडीत बसल्याबरोबर कौतिक साळवेने खिसा चाचपला. पत्र जागेवर होतं. एकोणीस वर्षं पारोळ्याच्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक असलेल्या माणसाचा राजीनामा चार ओळींत मावला होता. बेत साधा होता. नानांच्या घरी भरीत खायचं, हसायचं, कुणाला काही बोलायचं नाही, आणि परतताना अमळनेरच्या पोस्टात पत्र टाकायचं.

जीवराम नाना निवृत्त पाळक. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते दोघांना जेवायला बोलवत, कौतिकला आणि शिरपूरच्या पलीकडे पाड्यांवर फिरणाऱ्या तरुण पाळकाला, वनाला. सोमवारच का, असं कौतिकने एकदा विचारलं होतं. नाना म्हणाले होते, "रविवारी पाळकाला सगळे असतात. सोमवारी कोण असतं?"

त्या घरात नियम एकच होता. जेवणाआधी प्रत्येकाने प्रार्थनेचा विषय सांगायचा आणि तो ‘मला’ या शब्दाने सुरू करायचा. कौतिक सहा वर्षं नियमातून सुटत आला होता. "मला वाटतं, मंडळीच्या छपराचं काम लवकर व्हावं." "मला तरुण संघाची काळजी वाटते." नाना ऐकून घेत आणि म्हणत, "‘मला’ आलं रे, पण तू कुठे आलास?"

आज तो पोचला तेव्हा नाना गॅसवर वांगी भाजत होते. वना पाट्यावर मिरच्या ठेचत होता. कौतिकला पाहताच त्याने वरवंटा खाली ठेवला.

"या, कौतिकभाऊ! तुमची कीर्ती डोंगरापर्यंत आली."

"कसली?"

"केसरबाईंच्या दफनाची. माझ्या मंडळीतली एक बाई तिथे होती. ती सांगते, पाळकसाहेबांनी कबरीपाशी उभं राहून विचारलं, ‘या बालकाचं नाव सांगा.’ ऐंशी वर्षांच्या म्हातारीला बालक! सगळे रडले म्हणे. देवापुढे आपण सगळी लेकरंच, नाही का? नाना, मी तर ठरवलंय, यापुढे प्रत्येक दफनविधीत हाच प्रश्न घालायचा. परवाच एक आहे, मुलगा लांबून यायचाय म्हणून थांबलेत."

कौतिकने खिशावर हात ठेवला. खरं तर हसून मान हलवली असती तरी भागलं असतं. दफनभूमीच्या फाटकाशी जळगावच्या एका पाहुण्याने त्याचा हात धरून "किती सुंदर बोललात" म्हटलं, तेव्हा त्याने तेच केलं होतं. पण वना परवा एका कबरीपाशी उभा राहणार होता, आणि त्याच्या तोंडी कौतिकची चूक असणार होती.

"नको घालूस," तो म्हणाला.

"का? तुमचा हक्क आहे का त्यावर?"

"तो बाप्तिस्म्याचा प्रश्न आहे, वना, लेकराला नाव देतानाचा. मी चुकलो."

वना हसायला लागला आणि कौतिकचा चेहरा पाहून थांबला.

"वीस डिसेंबरपासून दोन आठवड्यांत चार दफनं, पाच बाप्तिस्मे, दोन लग्नं, आणि मध्ये नाताळ. पुस्तक हातात उघडं होतं, पण मी वाचत नव्हतोच, जीभ आपली चालत होती. दफनाच्या पानावरून ती बाप्तिस्म्यावर कधी गेली, मला कळलंही नाही. आणि प्रश्न तोंडातून निघाल्यावर..." तो अडखळला. "निघाल्यावर मला खरंच तिचं नाव आठवेना. एकोणीस वर्षं तिच्या हातचं लोणचं खाल्लं मी. तिच्या मुलाने, झिपरूने, नाव सांगितलं, म्हणून पुढे गेलो. तिच्यासाठी मला काही वाटलंही नाही. वर्ष झालं, कुणासाठीच काही वाटत नाही. तीन तासांवर झोप नाही."

गॅसवरचं वांगं फुटलं. नानांनी आधी गॅस बंद केला, मग हात पुसून कौतिकच्या समोर बसले.

"खिशात काय आहे?"

कौतिकने पत्र दिलं. नानांनी ते वाचलं आणि घडी करून मिठाच्या बरणीखाली ठेवलं.

"तीन महिने इथे राहील. मग मागितलंस तर एका शब्दाने अडवणार नाही. धुळ्याला डॉक्टर आहेत, झोपेचं त्यांना सांग, मी सोबत येतो. आणि या रविवारी उपासना मी घेतो."

"मंडळी काय म्हणेल?"

"म्हणेल, पाळकसाहेब खाली बसलेत."

"पुढचा रविवार माझा," वना म्हणाला. मग हळूच, "बरं झालं बोललात, भाऊ. मी उद्या तो प्रश्न वहीत लिहून ठेवणार होतो."

त्यावर मात्र तिघंही हसले. हसता हसता कौतिकला डोळे पुसावे लागले. भाकरी तोवर गार झाली होती.

रविवारी कौतिक चर्चमध्ये शिरला आणि कुठे बसावं ते त्याला कळेना. एकोणीस वर्षांत तो इथे खाली कधी बसलाच नव्हता. मागच्या सतरंजीवर झिपरू होता. त्याने सरकून जागा केली. उपासना सुरू व्हायला अवकाश होता. कौतिकने आवाज खाली आणला.

"झिपरूभाऊ, त्या दिवशी आईच्या वेळी माझी चूक झाली."

"माले म्हाईत व्हतं," झिपरू अहिराणीत म्हणाला. "तो बाप्तिस्माना प्रश्न शे. मना तिन्ही पोरेस्ना येळे ऐकेल शे मी."

"मग नाव का सांगितलंस?"

"तुम्ही थांबी गयात, म्हनीसन सांगी दिधं."

तेवढ्यात नाना पुढे आले. त्यांनी हात उंचावले. "प्रभू तुम्हांबरोबर असो."

कौतिकच्या ओठांवर तीच ओळ आली होती, ती त्याने गिळली. आजूबाजूला शंभरेक माणसं उत्तर देत होती, "आणि तुझ्या आत्म्याबरोबर असो."

पाळकसाहेबांना आयुष्यात कधी अरे-तुरे न करणारी माणसं या एका ओळीत पाळकाला ‘तू’ म्हणत होती. दर रविवारी ती हे कौतिकलाच म्हणत आली होती. तेव्हा तो नेमका पुस्तकात पुढचं पान शोधत असे.

शेवटच्या आशीर्वादाआधी नानांनी ती ओळ पुन्हा म्हटली. कौतिकला उत्तराचे शब्द पाठ होते, पण एकोणीस वर्षांत स्वतःच्या तोंडून ते निघाले नव्हते. झिपरूच्या आवाजामागे अर्धा शब्द मागे राहून तो म्हणाला, "आणि तुझ्या आत्म्याबरोबर असो."

पुढे उभ्या असलेल्या नानांनी पुस्तकातून मान वर केली आणि ओळ संपेपर्यंत ते ऐकत राहिले.