दारावरचं वेळापत्रक

मी घड्याळाच्या काट्यावर चालणारी बाई आहे, आणि दुसऱ्यांनाही चालवते. अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, असतानाही अशीच होते. परीक्षेला महिना उरला तेव्हा मी वहीचा कागद फाडून वेळापत्रक केलं आणि नवापूरच्या आमच्या घराच्या पडवीच्या दारावर ठोकलं. ‘सकाळी नऊ ते अकरा: शास्त्र, हंसाबरोबर.’ खाली सहीही केली, जणू मीच हेडमास्तर.

हंसा खाडीपलीकडच्या दांडी गावची, नामदेव तांडेलांची मुलगी. मागच्या वर्षी ती शास्त्रात तीन मार्कांनी आपटली होती, बाकी सगळ्यांत पास. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि शास्त्राशिवाय तिथे कोणी उभं करत नव्हतं. तिच्या आईने, येसूबाईने, तिच्यासाठी एक नवीन टोपली विणून घेतली होती. यंदाही नापास झाली तर हंसाने ती डोक्यावर घ्यायची आणि आईबरोबर बोईसरच्या बाजारात मासळी विकायला बसायचं, असं घरात ठरलं होतं. टोपली चुलीजवळच्या खुंटीला टांगलेली असे.

“जेवाया बसले का ती माज्याकडं बगते,” हंसा सांगायची आणि हसायची. मला मात्र हसू येत नसे.

आमचा करार सरळ होता. मला व्याख्या तोंडपाठ, पण ‘का’ विचारलं की ततपप. हंसाला सगळं कळायचं, पण ती लिहायची बोलल्यासारखं, आणि सर तांबड्या शाईने अख्खं उत्तर आडवं करायचे. मी तिला लिहायला शिकवणार, ती मला समजवणार. मला समजून घ्यायची गरज आहे असं मात्र मला मुळीच वाटत नव्हतं.

पहिल्या दिवशी, चतुर्थीला, ती नऊच्या ठोक्याला आली. दुसऱ्या दिवशी पावणेदहाला. तिसऱ्या दिवशी साडेदहाला. चौथ्या दिवशी सव्वाअकरा झाले आणि माझा तोल सुटला.

“रोज पाऊण तास उशीर! अभ्यास करायचाय की टोपलीच घ्यायचीय डोक्यावर?”

बोलले आणि लगेच जीभ चावली. हंसा शांतपणे लुगड्याचा ओला काठ पिळत होती.

“पाणी उतरल्याबिगर खाडी चालत कशी येऊ? बाबाची होडी धंद्यावर असते. आनि पाणी रोज पाऊण तास उशिरानं उतरतं, त्याला मी काय करू?”

“रोज? ते तुला कसं कळतं?”

“तिथीला तिनानं गुण, चारानं भाग. भरतीची वेळ आली. तिच्यात सा तास मिळव, ओहोटी आली. आज सप्तमी हाय. कर तूच.”

मी पाटीवर केलं. सात त्रिक एकवीस, भागिले चार, सव्वापाच. अधिक सहा. सव्वाअकरा. मान वर करून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. तिथेही सव्वाअकराच. त्याच सकाळी मी डुलत डुलत पाठ केलं होतं, ‘चंद्र दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो’. ते पाठ करून मी चंद्राच्या मागोमाग चालत येणाऱ्या मुलीवर ओरडले होते. फार लाज वाटली.

दारावरचा कागद मी फाडला आणि नवा लावला: ‘अष्टमी बारा, नवमी पाऊण, दशमी दीड.’ आईने तो वाचला आणि काळजीने विचारलं, “विजू, कसलं व्रत धरलंयस गं?”

अष्टमीला हंसा कमरेपर्यंत भिजून आली, वह्या डोक्यावर.

“आज भांग हाय, लहान भरती-ओहोटीचा दिस. पाणी पुरतं वसरत नाय,” ती म्हणाली.

“पण का?” मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःहून ‘का’ विचारलं होतं.

“चांद अर्दा असला का असंच. म्होरचं तुज्या पुस्तकात आसंल.”

पुस्तकात होतं. अंगणात मधोमध नारळ ठेवला, ती पृथ्वी. लिंबाचा चंद्र केला आणि कळशीचा सूर्य. सूर्य एकीकडे ओढतो, चंद्र आडवा ओढतो, म्हणून भरती खुजी आणि ओहोटीही अर्धवट. मग हंसाने ते लिहून काढलं. मी खोडलं. तिने पुन्हा लिहिलं. सातव्यांदा लिहिलं तेव्हा खोडायला काही उरलं नाही.

शास्त्राच्या पेपराच्या दिवशी द्वादशी, म्हणजे नऊची भरती. चालत यायचं नावच नको. नामदेवकाकांनी धंदा बुडवला आणि स्वतः होडी वल्हवत तिला अलीकडे सोडलं. “एक दिस म्हावरं तरी जगंल,” एवढंच म्हणाले. आम्ही बोईसरला गाडी धरून पालघरला पोचलो.

पेपरात तिसरा प्रश्न होता: भरतीची वेळ दररोज का बदलते? सकारण लिहा. मी चटकन मागे वळले आणि पर्यवेक्षकांची बोलणी खाल्ली. हंसाने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने पुरवणी मागितली.

“एवढं काय लिहिलंस?” बाहेर आल्यावर मी विचारलं.

“चतुर्थीपासून अष्टमीपर्यंत समदं. तू वरडलीस तेवडं सोडून.”

निकाल छापलेलं वर्तमानपत्र बोईसर स्टेशनवर आलं तेव्हा मी आमच्या दोघींचे नंबर तीनतीनदा पाहिले आणि बाजारात धावत सुटले. हंसा आईशेजारी बसून बोंबील निवडत होती. मी लांबूनच ओरडले, “पास! हंसा, पास!” ती उठली ती बोंबील हातात घेऊनच माझ्या गळ्यात पडली. सगळ्या कोळणी उभ्या राहिल्या. येसूबाई तेवढी खाली बसून डोळे पुसत होती.

गुणपत्रिका नंतर मिळाली. शास्त्रात हंसाला एकसष्ट, मला अठ्ठावन्न. अर्धा दिवस मी जळले, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळेला येसूबाई आमच्या दारात आली. डोक्यावर तीच नवी टोपली, काठोकाठ मासळीने भरलेली. आई मासळी काढून घेऊन टोपली धुवायला निघाली, तशी येसूबाईने तिचा हात धरला.

“ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच. आमच्या घरी आता ती डोक्यावर घ्यायला कोन नाय.”