वाढल्यावर सांगावे

ज्या व्यापाऱ्याला किसनरावांच्या कापसाची खात्री पटली नाही, त्यानेच आपली दोन कुत्री डोळे मिटून किसनरावांच्या हवाली केली, आणि अमडापूरच्या शिवारात कुत्र्यांचं वसतिगृह सुरू झालं.

ते गुलाबी बोंडअळीचं साल होतं. बीटी बियाण्याच्या पाकिटावर अळी लागणार नाही असं ठळक अक्षरात छापलं होतं, पण अळीला वाचता येत नव्हतं. मलकापूरच्या व्यापाऱ्याने किडक्या बोंडांतला तो पिवळट कापूस चिमटीत धरला, "कवडी आहे, चालत नाही" म्हणाला आणि गाडी परत फिरवायला लावली. मग चहा पाजताना सहज म्हणाला, "आम्ही पोरीच्या लग्नाले सुरतेला चाललो. तुमच्या शेतात जागा मोकळी, माणूस तुम्ही सरळ दिसता. आमची दोन कुत्री ठेवता का पंधरा दिवस?"

सरळ दिसण्याचं बावन्न वर्षांत एवढंच फळ हाती येत होतं. किसनराव हो म्हणाले.

परत आलेल्या कापसाचं काय करायचं, हे अमडापूरच्या गुलाम रसूलने ठरवलं. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजून गाद्या भरण्याचं काम. त्याने तो सगळा कवडी कापूस पिंजला, जाड खादीच्या खोळीत भरला आणि दहा गाद्या टाके घालून कापूसघरात नेऊन अंथरल्या. कुत्री जवळ आली की तो मात्र चार पावलं मागे सरे. "किसनभाऊ, गादी माही, कुत्रं तुमचं. मी दुरूनच सलाम करतो." पुढे एकदा बुलढाण्याच्या एका साहेबांनी गादी दाबून पाहिली आणि घरच्यांसाठी तसलीच मिळेल का म्हणून चौकशी केली. गुलाम रसूलने हे सांगताना इतका वेळ हसू दाबलं की त्याला ठसका लागला.

फाल्गुनापर्यंत नाव पसरलं. बुलढाण्याचे अधिकारी, प्राध्यापक, वकील लग्नकार्याला किंवा लेकीच्या गावी निघाले की वाटेत गाडी थांबवून कुत्रं उतरवून देत. गावाने वसतिगृहाला ‘आश्रमशाळा’ असं नाव ठेवलं, आणि कुत्र्यांचीही प्रतवारी केली. गाडीतून येतं ते बीटी, गावात जन्मतं ते नॉन-बीटी. बीटी कुत्र्याला ऊन लागे, गोचीड लागे, शिळी भाकरी बाधे. नॉन-बीटी कुंपणाबाहेर बसून हे सगळं पाही आणि शिळ्या भाकरीची वाट बघे.

किसनराव मात्र या व्यवसायावर मनापासून खूश होते. सकाळी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून साफ केलेल्या रानात सहा-सात कुत्री मोकळी सोडायची, बांधावरचा पळस पेटल्यासारखा फुललेला, कडूनिंबाला कोवळी तांबूस पालवी. उन्हं चढली की निंबाखाली बसून गोचीड वेचायचे, बारा वाजता दूधभाकरी कुस्करायची. वाढलं की समोरचा खातो, खाल्लं की शेपटी हलवतो. कापसाने तीस वर्षांत एकदाही शेपटी हलवली नव्हती. संध्याकाळी ते बाजेवर बसून आभाळाकडे बघत आणि ढग आहेत की नाहीत हे न बघता नुसतंच बघत. हे सुख कोणामुळे, याचा विचार करता करता ते बोंडअळीपर्यंत येऊन पोचत आणि तिथे थांबत. अळीचे उपकार मानायचे, हे बायकोसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

अशात अन्नपूर्णाबाई आल्या. बुलढाण्याच्या निवृत्त शिक्षिका. अडतीस वर्षं पहिली ते चौथीला मराठी शिकवलेलं. गुडघ्याच्या ऑपरेशनला पुण्याला, लेकीकडे चालल्या होत्या. सोबत बंडू, बारा वर्षांचा तांबूस लॅब्रेडोर, तोंडाभोवती पांढरा झालेला. चार पानी सूचनापत्र त्यांनी किसनरावांच्या हाती दिलं. अक्षर असं की ते चौकटीत लावावं.

"मी दवाखान्यात असेन, म्हणून जावयांचा नंबर खाली दिलाय," बाई म्हणाल्या. मग चष्मा काढून पुसला. "लेकीचे वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघंच आहोत हो. परत येईन तेव्हा हा दारात दिसला पाहिजे. बाकी काही नाही."

"दिसनच जी," किसनराव म्हणाले. सरळ माणसाने शब्द देऊन टाकला.

बाई कुत्र्याकडे वळल्या. "बंडू, येते मी. नीट राहा."

‘राहा’ हे मराठीतलं मोठं बनेल क्रियापद आहे. त्यावरून ‘तू’ म्हटलं की ‘तुम्ही’, ते कळत नाही. किसनरावांनाही कळलं नाही.

दुपारी बंडूला दूधभाकरी वाढली. सूचनापत्रात स्पष्ट होतं: ‘दु. १२ वा. दूधभाकरी कुस्करून द्यावी. फार गरम नसावी. वाढल्यावर सांगावे.’ शेतकरी म्हणून किसनरावांचं आयुष्य सरकारी परिपत्रकं वाचण्यात गेलेलं. ‘सांगावे’ म्हणजे कळवावे, हे त्यांना विचारावं लागलं नाही. त्यांनी भरल्या वाडग्याचा फोटो काढला आणि जावयांना पाठवला: ‘वाढलं.’ जावयांचा अंगठा आला.

बंडू वाडग्यासमोर ताठ बसला. लाळेची तार जमिनीपर्यंत गेली. तो वाडग्याकडे बघे, मग किसनरावांच्या तोंडाकडे बघे, पण वाडग्याला तोंड लावेना.

"खाय ना बे," किसनराव म्हणाले.

बंडूने कान पाडले. थोड्या वेळाने उठून गादीवर जाऊन पडला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी अंडं घातलं, कोंबडीचं पाणी घातलं. "काऊन खात नाई बे? काय झालं तुले? खाय बे राजा, एक घास." वऱ्हाडात ‘बे’ शिवीत मोडत नाही, परक्याला कोणी बे म्हणत नाही. किसनरावांची माया जसजशी वाढली तसतसे बे वाढत गेले, आणि प्रत्येक बेगणिक बंडू थोडा आणखी खचला. तो फक्त पाणी पीत होता. फोटो नेमाने जात होते, अंगठे नेमाने येत होते.

शेवटी त्यांनी जावयांना फोन लावला. ‘खात नाही’ ऐकून जावई म्हणाले, "भूक लागली की खाईल हो. माझी काही त्याची फारशी ओळख नाही. आणि आईंच्या कानावर घालू नका, उद्या ऑपरेशन आहे. हिलाही सांगत नाही, ती लगेच आईंना सांगेल."

चौथ्या दिवशी सकाळी जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. ताप नाही, पोट मऊ, दात ठीक. "म्हाताऱ्या जनावरानं अन्न सोडलं म्हणजे मनावर घेतलंय," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत पाहू. मग सलाईन. पण सलाईनवर किती दिवस काढणार?"

डॉक्टर गेल्यावर किसनराव उंबऱ्यात बसून राहिले. आत त्यांची बायको वच्छलाबाई भाकऱ्या थापत होत्या.

"त्या बाईले काय तोंड दाखवू वं मी?" किसनराव म्हणाले. "दारात दिसन म्हणून सांगतलं मी."

"अवो, तुमी तरी दोन घास खा. कालपासून दोघंबी उपाशी. एकाची देखभाल करू का दोघांची?"

तेवढ्यात फटफटी वाजली. कृषी सहायक महादेवराव आले होते. पऱ्हाट्या उपटून रान साफ केल्याचे फोटो काढायची मोहीम वरून आली होती, म्हणजे अळीला पुढच्या हंगामात राहायला जागा उरू नये. त्यांनी साफ रानाचा एक फोटो काढला, साफ रानासोबत किसनरावांचा एक काढला. किसनरावांचा चेहरा बघून म्हणाले, "थोडं हसा ना. लाभार्थी वाटले पाहिजे."

बारा वाजून गेले होते. दारात आलेला माणूस उपाशी पाठवायचा नाही, मग तो खात्याचा का असेना. वच्छलाबाईंनी पिठलं, भाकरी, ठेचा आणि फोडलेला कांदा असं ताट वाढलं. सवयीने बंडूचाही वाडगा भरून तिथेच भिंतीशी ठेवला. बंडू सवयीनेच येऊन त्याच्यासमोर ताठ बसला.

महादेवराव मांडी घालून बसले. किसनरावांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि म्हणाले, "घ्या साहेब, जेवून घ्या."

महादेवरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. भिंतीशी लप् लप् लप् असा आवाज झाला.

बंडू खात होता. चार दिवसांची भूक होती. वाडगा सरकत सरकत भिंतीला लागला, भिंत लागल्यावर आवाज आणखी वाढला. महादेवरावांचा घास हातातच राहिला. किसनराव हलले नाहीत, श्वासही त्यांनी बेताने घेतला. वाडगा लख्ख झाला. बंडूने मान वर करून पुन्हा किसनरावांच्या तोंडाकडे पाहिलं.

"अवो," वच्छलाबाई हळूच म्हणाल्या, "तुमी आता काय म्हटलं?"

"म्या कुठं काय म्हटलं? साहेबाले म्हटलं."

"तेच म्हणा त्याले."

त्यांनी वाडग्यात अर्धी भाकरी आणि दूध घातलं. बंडू ताठ बसला.

"खाय बे," किसनरावांनी आधी खात्री करून घेतली. बंडूने कान पाडले.

किसनरावांनी घसा साफ केला. आजवर असं ते तहसीलदार, ग्रामसेवक आणि व्याही यांच्याशीच बोलले होते. "बंडूभाऊ... जेवून घ्या."

लप् लप् लप्.

किसनराव आत धावले आणि सूचनापत्र घेऊन आले. ‘वाढल्यावर सांगावे.’ त्यांनी ते दोनदा वाचलं. "अवं, जावयाले नाई! त्याले सांगाचं होतं! वाढलं म्हणून त्याले सांगाचं होतं!"

मग त्यांनी महादेवरावांचा, पिठल्याने भरलेला, उजवा हात दोन्ही हातांत धरला. "साहेब, तुमी देवासारखे आले. लय उपकार झाले जी."

महादेवराव घाबरले. अकरा वर्षांच्या नोकरीत शेतकऱ्याने त्यांचा हात एकदाच धरला होता, आणि तोही मनगटाला, फटफटीवरून खाली ओढण्यासाठी. "मी काय केलं?" ते म्हणाले. "मी तर फोटो काढायले आलतो."

"तुमी जेवाले बसले," किसनराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. महादेवरावांनी आणखी एक भाकरी खाल्ली, कारण अशा वेळी दुसरं काय करावं हे खात्याने शिकवलं नव्हतं.

त्या दिवसापासून आश्रमशाळेची भाषा सुधारली. एकाला तुम्ही आणि दुसऱ्यांना बे, हे किसनरावांना बरं दिसेना. मग सगळ्यांनाच तुम्ही. पुन्हा राहायला आलेली मलकापूरची पांढरी झुबकेदार कुत्री त्याने इतकी शेफारली की हाक मारल्यावर येण्याआधी विचार करू लागली. कुंपणाबाहेरच्या नॉन-बीटीलाही किसनराव म्हणाले, "तुमी काऊन बाहेर? या, भाकरी घ्या." ते बिचारं आजवर ‘हाड’ या एकाच शब्दावर वाढलेलं. दोन पावलं मागे सरकलं, मग आलं.

"मले तीस वर्षांत कधी म्हटलं नाई, जेवून घ्या म्हणून," वच्छलाबाई एका दुपारी म्हणाल्या.

"तुले काय म्हणा लागते? तू आपोआप जेवतं."

"हाव. मीबी चार दिवस धरते उपास. मंग बोलावजा कृषी सहायकाले."

संध्याकाळचा चहा किसनरावांनी स्वतः केला. साखर जास्त पडली होती. वच्छलाबाईंनी तो संपवला आणि कप पुढे केला.

बाईंनी सांगितलेल्या पंधराचे पंचवीस दिवस झाले. पाडवा होऊन गेला. गाडी आली तेव्हा बंडू दारातच होता. आवाज ऐकून तो उठला, आणि चार पायांवर जेवढं थरथरता येतं तेवढं थरथरला. अन्नपूर्णाबाई काठी टेकत उतरल्या. बाईंचा हात त्याच्या डोक्यावर होता.

"सांगू नका," वच्छलाबाई मागून कुजबुजल्या. "गडी धडधाकट हाय. काऊन उगाच?"

पण दिलेला शब्द बारा आणे पाळायचा आणि चार आणे दडवायचे, हे किसनरावांना सोसेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं. चार दिवसांचा उपास, बे, डॉक्टर, अंगठे, महादेवराव, पिठलं.

बाई ऐकत राहिल्या. मग बाजेवर बसल्या. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "‘सांगावे’. कोणाला सांगावे? काय सांगावे? पोरांनी असं वाक्य लिहिलं असतं तर मी वर्गासमोर उभं केलं असतं." थोडं थांबून म्हणाल्या, "नोकरीच्या पहिल्या दिवशी मी सगळ्या पहिलीला अहो-जाहो केलं. हसले सगळे मास्तर. पण त्या पोरांना जन्मात कोणी तसं बोलावलं नव्हतं. ताठ बसली हो पोरं. मग जीभ वळली ती वळलीच, घरी बंडूलाही रोज ‘जेवून घ्या’च. हे लिहायचं असतं, हेच सुचलं नाही मला."

"लिवाचं नाई, बाई. आमालेच समजाले पायजे होतं," किसनराव म्हणाले.

"तो चार दिवस उपाशी असूनही तुम्ही त्याला सोडलं नाहीत. वर मला खरं सांगितलंत." बाईंनी हात जोडले. "तुमचे आभार कसे मानू, किसनराव?"

किसनराव गडबडले. त्यांच्या भागात आभार माईकवर मानतात, तेही सर्वांत शेवटी, लोक चपला शोधत असताना. समोरासमोर मानले तर काय म्हणायचं असतं, हे ठरलेलं नव्हतं. "नाई जी," ते म्हणाले. "उलट त्याइनंच... म्हणजे यांनीच आमचं... लय सज्जन माणूस हाय."

निघायची वेळ झाली. बंडू गाडीच्या दारापाशी जाऊन थबकला. पायांत उडी मारायचं बळ नव्हतं. बाईंना वाकता येत नव्हतं. ड्रायव्हरचा शर्ट पांढरा होता.

किसनराव पुढे झाले. आयुष्यभर त्यांनी सरकीची, खताची, ज्वारीची पोती उचलली होती, पण पोतं कधी उचलणाऱ्याच्या खांद्यावर मान टाकत नाही. "अंग सैल सोडा जी," ते बंडूला म्हणाले आणि एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली घालून त्याला अलगद वर घेतलं. सीटवर ठेवताना बंडूने त्यांचा डावा कान, खालपासून वरपर्यंत, सावकाश चाटला.

गाडी वळणापलीकडे गेली. धूळ खाली बसली. किसनराव तिथेच उभे होते.

"कान पुसा तो," वच्छलाबाई म्हणाल्या. "गळून राह्यला."

"राहू द्या," किसनराव म्हणाले. "वाळन आपोआप."