अकरा पिल्लांची पेटी

मित्रांनो, कोपऱ्यात धूळ खात पडलेली मी एक जुनी पेटी आहे. माझ्या अंगावर इतकी भोके बघून लोक म्हणतात, हिला वाळवी लागली. मी ऐकून घेते, झाले.

आधी मी एका सुताराच्या घरातल्या पलंगाच्या फळ्या होते. पलंग मोडला आणि त्याच आठवड्यात सुताराच्या बायकोची कोंबडी, अंड्यांतून पिल्ले निघाल्या निघाल्या, मेली. आईवाचून अकरा पिल्ले टोपलीत कुडकुडत होती. त्यांना ऊब मिळावी म्हणून सुताराने मला घडवले. रंधा मारला, सांधे जुळवले, तळाशी लाकडाचा भुसा पसरला, झाकणातून बल्ब सोडला.

"बघ, मुंगीसुद्धा शिरणार नाही!" तो बायकोला म्हणाला. मीही हुरळून गेले.

पिवळ्या उजेडात पिल्ले एकेक करून पेंगू लागली. त्यांची इवली पोटे भुशावर वरखाली होत होती. मला वाटले, मी पेटी नाहीच, मी कोंबडी आहे. माझे पंख मिटले आहेत आणि बाहेर जग म्हणून काही उरलेलेच नाही. फार गोड गुंगी होती ती.

दुपारी चिवचिव थांबली. मला वाटले, गाढ झोपली. बायकोने झाकण उचलले तर पिल्ले बल्बपासून लांब, भिंतींना चिकटून, चोची उघडून धापा टाकत होती. एक आडवे पडले होते.

"अहो, मुंगी नको, पण हवा तरी शिरू द्या की!"

"एवढ्या सुबक कामाला भोकं पाडू?" सुताराचा चेहरा उतरला. मलाही ते नकोच होते, खोटे कशाला सांगू?

"मग काम ठेवा जपून. पिल्लं मी शेजारी देऊन टाकते."

सुताराने ते आडवे पिल्लू तळहातावर घेतले, हळूच फुंकर घातली. ते हलले नाही. मग त्याने गिरमिट आणले आणि माझ्या चारही बाजूंना भोके पाडली. बल्ब वीतभर वर घेतला. मला फार दुखले. पण आत वारा खेळू लागला, आणि उरलेली दहा पिल्ले पाय पसरून निवांत झोपली. पुढे ती दहाही अंगणभर हुंदडली.

मित्रांनो, कुणाला जपायला घ्याल तर मधूनमधून झाकण उघडून बघत जा. अकरावे पिल्लू माझ्याच कुशीत दगावले, आणि मी तेव्हा त्याची आई झाल्याचे स्वप्न बघत होते.