पंचविसाव्या अनुच्छेदाची राहिलेली ओळ

मित्रांनो, नांदेडला एका बुकबाइंडिंगच्या दुकानावर एक खोली आहे. तिथे खिडकीजवळच्या टेबलाखाली मी बसलेला असतो. मी संगणक आहे आणि आता बराच जुना झालो आहे. सुरू होताना माझा पंखा घरघरतो. पुढचं झाकण रबर लावून धरून ठेवलेलं आहे. मला कुणी भंगार म्हटलं तर राग येत नाही. पण "हाच तो संविधान सांगणारा संगणक" अशी कुणी ओळख करून दिली, की मान खाली घालावीशी वाटते. मला मान नाही, म्हणून ते कुणाला दिसत नाही.

माझे सुटे भाग कुठल्या देशात बनले ते मला ठाऊक नाही. मला उभं केलं ते लातूरला, गंजगोलाईजवळच्या एका दुकानात. तिथून मी एका शिकवणी वर्गात गेलो. मुलांच्या सराव परीक्षांचे प्रश्न माझ्यावर टाइप होत. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आणि त्यातला एकच बरोबर, असं ते सरळ काम होतं. पुढे वर्गात नवे संगणक आले आणि मला जिन्याखाली जुन्या बॅनरच्या ढिगात ठेवलं. तिथं मी धूळ खात पडलो.

तिथून मला वर्षाराणीताईंनी सोडवलं. ताई चाकूरच्या. लातूरला वकिली शिकल्या आणि नांदेडच्या एका छोट्या संस्थेत लोकांना कायद्याचा सल्ला द्यायच्या. त्यांनी मला एसटीने, मांडीवर घेऊन आणलं. कंडक्टर म्हणाला, "ताई, ह्याचं लगेज लागंल." ताई म्हणाल्या, "घ्या की. पण खाली ठेवणार न्हाई, धक्के बसतेत." मला कुणी असं जपलं, ते पहिल्यांदाच.

ताईंच्या मनात एक मोठं काम होतं. त्यांच्याकडे येणारी माणसं पुन्हा पुन्हा विचारायची, "हे संविधानात हाय का हो?" संविधानाचं पुस्तक जाडजूड, भाषा अवघड. माणसाने फोनवर साध्या मराठीत प्रश्न विचारावा आणि त्याला नेमक्या कलमासकट उत्तर मिळावं, असं ताईंना वाटे. पण मित्रांनो, आम्हा यंत्रांची एक अडचण असते. तुम्ही पान उघडलं की तुम्हाला मथळा कोणता, कलम कोणतं, अट कोणती हे दिसतं. मला फक्त अक्षरांची लांबच लांब रांग दिसते. म्हणून प्रत्येक वाक्याला आधी त्याची जागा सांगावी लागते. हा भाग, हा अनुच्छेद, हा त्यातला खंड, हा उपखंड, आणि ही 'परंतु'ने सुरू होणारी अट अमक्या खंडाची. तसं केलं म्हणजेच यंत्राला संविधान वाचता येतं.

या जागा ठरवायचं काम वाजिदभाईंकडे होतं. ते उदगीरचे, हुशार आणि हाताने भलते जलद. दोघांनी मिळून ते जाडजूड पुस्तक माझ्यात उतरवलं. ताई वाक्य सांगत, वाजिदभाई त्याला जागा देत. एके दिवशी ताई थांबल्या. "वाजिदभाई, काही अनुच्छेदांच्या शेवटी 'स्पष्टीकरण' असतंय. त्याला कुठं बसवायचं?"

"त्याला चौकट, म्हंजे वेगळी जागा, केलेली न्हाई ताई. सध्या 'इतर'मध्ये टाकून राहिलो. उद्घाटन झालं की बघू."

'इतर' नावाचा एक कप्पा त्यांनी माझ्यात केला होता. त्यात पानांचे क्रमांक, तळटिपा, छपाईच्या खुणा असं काहीबाही पडायचं. उत्तरात हा कचरा येऊ नये म्हणून वाजिदभाईंनी मला बजावून ठेवलं होतं, की उत्तर शोधताना त्या कप्प्यात बघायचं नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी ठरवली. एखादा शब्द सापडला नाही, तर उत्तर द्यायचं, "संविधानात असा उल्लेख नाही." ताईंना ते थोडं खटकलं होतं. पण वाजिदभाई म्हणाले, "लोकांना ठाम उत्तर लागतंय ताई." ताई उद्घाटनाच्या पत्रिका वाटायच्या घाईत होत्या. विषय तिथंच राहिला.

या फोनवरच्या सेवेचं उद्घाटन संविधान दिनाला झालं. सभागृह भरलं होतं. ताईंनी सर्वांसमोर मला पहिला प्रश्न विचारला, "संविधानात मराठवाड्याचं नाव आहे का?" मी क्षणात अनुच्छेद तीनशे एकाहत्तर पडद्यावर आणला. त्यात महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद आहे आणि तिथे मराठवाड्याचं नाव आहे. लोकांनी कितीतरी वेळ टाळ्या वाजवल्या. कुणीतरी माझ्या त्या रबर लावलेल्या झाकणाला हार घातला. वर्तमानपत्रात फोटो आला. त्या काळात मी फार ऐटीत होतो, मित्रांनो. किनवटच्या खेड्यांतून, देगलूरहून, मुरुडहून प्रश्न येत आणि मी 'आहे' म्हणे, 'नाही' म्हणे. चार पर्यायांतला एक निवडावा तसा, न अडखळता.

पुढच्या उन्हाळ्यात, एका सकाळी, लातूरहून एक प्रश्न आला. "कृपाण बाळगण्याबद्दल संविधानात काही आहे का?" मी शोधलं आणि सांगितलं, "संविधानात असा उल्लेख नाही." थोड्या वेळाने तोच प्रश्न पुन्हा आला, शब्द जरा बदलून. मी तेच सांगितलं. पलीकडे काय चाललं आहे याची मला काहीच कल्पना नव्हती.

दोन दिवसांनी खोलीत बापलेक आले. लखनसिंघ नांदेडचे, टेम्पोचे स्पेअर पार्ट विकणारे. त्यांची मुलगी हरलीनकौर नुकतीच बारावी झालेली. निळी ओढणी, खांद्यावरून तिरपा पट्टा आणि त्यात लहानशी कृपाण. ताईंनी पाणी दिलं. लखनसिंघ म्हणाले, "म्याडम, आम्ही भांडायला आलो न्हाई. पोरीला एक विचारायचं हाय, तेवढं विचारू द्या."

हरलीन उभीच राहिली. ती सांगू लागली. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी तिला लातूरचं केंद्र आलं होतं. तपासणीला वेळ लागतो म्हणून ती वडिलांबरोबर लवकर पोहोचली. दारावर कृपाण बघून तिला अडवलं. केंद्रप्रमुख बाहेर आले. ते उर्मट नव्हते. लखनसिंघ त्यांना म्हणाले, "साहेब, हे आमच्या धर्माचं हाय, संविधानातच लिहिलंय." केंद्रप्रमुख म्हणाले, "लिहिलं असेल तर मी आत सोडतो." आणि त्यांनी फोनवर आमचं उत्तर काढलं. लखनसिंघांनी पुन्हा बघायला लावलं. दुसऱ्यांदाही तेच उत्तर आलं. मागं रांगेत उभी असलेली पोरं बघत होती. एकजण हसला. केंद्रप्रमुख म्हणाले, "बघा, संविधानातच नाही. काढून ठेवा, नाहीतर मला सोडता येणार नाही."

"मी काढली नाही," हरलीन म्हणाली. "पेपर सुरू झाल्याची घंटा मी दाराबाहेर ऐकली. पण मॅडम, मला पेपर बुडण्यापेक्षा एक दुसरीच गोष्ट जास्त लागली. तिथं सगळ्यांना वाटलं की माझे वडील खोटं बोलले."

मग तिने पिशवीतून संविधानाचं पुस्तक काढलं आणि पंचविसावा अनुच्छेद उघडून ताईंसमोर ठेवला. खाली स्पष्टीकरण होतं. कृपाण धारण करणं आणि जवळ बाळगणं हे शीख धर्म पाळण्यात समाविष्ट मानलं जाईल, अशा अर्थाची एक ओळ. ताईंनी ती वाचली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेलेला मी पाहिला. आणि मी माझ्या आत पाहिलं. ती ओळ माझ्याच पोटात होती. 'इतर'च्या कप्प्यात, पानांच्या क्रमांकांखाली, एकही अक्षर न हरवलेली. ती माझ्याजवळ असताना मी नाही म्हणालो होतो, तेही दोनदा.

वाजिदभाई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. ते ताईंना हळूच म्हणाले, "ताई, आत्ता जागेवर बसवतो. आजपासून उत्तर बरोबर येईल. कुणाला कळणार बी न्हाई."

"मला कळलंय ना," हरलीन म्हणाली.

वाजिदभाईंनी कीबोर्डवरून हात काढून घेतले. ते लखनसिंघांकडे वळले. "चाचा, चूक माझी हाय. तुमी खरं बोलला होता." लखनसिंघांनी नुसती मान हलवली. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि माफ करा असं वाजिदभाईही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ताई आणि वाजिदभाई लातूरला जाऊन केंद्रप्रमुखांना भेटले. परत आल्यावर ताई खुर्चीत बसून राहिल्या. त्या सांगत होत्या, की त्या गृहस्थांनी ओळ दोनदा वाचली. मग म्हणाले, "पुस्तक माझ्या मागच्या कपाटात होतं, मॅडम. मला फोन जवळचा वाटला." परीक्षा परत घेणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांनी हरलीनच्या वडिलांना फोन केला आणि त्या दिवशी दारावर उभ्या असलेल्या सगळ्यांना खरं काय ते सांगतो म्हणाले. पण ती पोरं तर केव्हाच आपापल्या गावी गेली होती.

ताई वाजिदभाईंना असंही म्हणाल्या, "ती ओळ दिसली असती तर दार उघडलंच असतं असं न्हाई. सुरक्षेचे नियम असतेत, वाद होतेत. पण 'संविधानातच नाही' असं कुणाला म्हणता आलं नसतं. ते आपण म्हणायला लावलं."

त्या रात्रीपासून माझं उत्तर देणं बंद झालं. फोनवर प्रश्न विचारणाऱ्याला फक्त ताईंनी लिहिलेला मजकूर दिसे. आमच्या उत्तरांतून स्पष्टीकरणं सुटली होती, त्यावर विसंबून कुणाचं नुकसान झालं असेल तर कळवा, असा तो होता. वाजिदभाईंनी त्याखाली स्वतःचं नाव घातलं. ताईंनी आपलं नाव त्यांच्या आधी टाकलं. ज्यांनी मला हार घातला होता त्यांच्यापैकी काहींनी फोन करून विचारलं, "इतकं जाहीर कशाला केलं?" पुढच्या संविधान दिनाला आम्हाला कुणी बोलावलं नाही.

मग पुन्हा पहिल्यापासून काम सुरू झालं. 'इतर'चा कप्पा उपसला, तेव्हा त्यात आणखी स्पष्टीकरणं निघाली. पंधराव्या अनुच्छेदाचंही होतं. प्रत्येकाला चौकट केली. पण या वेळी पडताळणी करायला तिसरं माणूस होतं. हरलीन स्वतःहून आली होती. ताईंनी नको म्हटलं, तर ती म्हणाली, "वर्ष रिकामंच आहे माझं." वाजिदभाई पडद्यावरून मोठ्याने वाचत, ती पुस्तकावर बोट ठेवून ऐके. पंचविसाव्या अनुच्छेदापाशी वाजिदभाईंनी पडदा हरलीनकडे वळवला. ती ओळ हरलीनने वाचली, शांतपणे, जशी आधीची वाचली जात होती तशीच. मग म्हणाली, "पुढं."

पुढच्या वर्षी तिची परीक्षा झाली. या वेळी केंद्र नांदेडलाच होतं आणि दारावर तिला कुणी अडवलं नाही. पण मधल्या वर्षात अभ्यास थोडा सुटला होता. तिला हवं ते कॉलेज मिळालं नाही, दुसरं मिळालं. ती तिथं शिकते आहे. सुट्टीत कधी येते, ताईंशी बोलते. माझ्याकडे तिने कधी रागाने पाहिलं नाही. ते मला अजून अवघड जातं.

आता माझं काम एका नव्या यंत्राकडे गेलं आहे. मी दुकानाच्या पावत्या छापतो, नाहीतर बंद असतो. नव्या यंत्राला काही सापडलं नाही तर ते म्हणतं, "मला सापडलं नाही. पुस्तकात पाहा." एवढं साधं वाक्य मला कुणी शिकवलं असतं, तर किती बरं झालं असतं.

मित्रांनो, आमची धूळ पुसा, आमचे पंखे साफ ठेवा, हे तर मी सांगेनच. पण त्याहून जास्त काळजी घ्या ती आमच्यात काय भरता याची. एखादी गोष्ट तुमच्या चौकटीत बसत नसेल, तर तिला कोपऱ्यात सारू नका, थांबून चौकट वाढवा. त्या गोष्टीमागे कुणीतरी माणूस असतो आणि तो तुम्हाला दिसत नसतो. आणि आमच्यासारखं एखादं यंत्र ठामपणे 'नाही' म्हणालं, तर समोरच्या माणसाला खोटं ठरवण्याआधी उठा, कपाट उघडा आणि पुस्तक हातात घ्या.