सालासकट खायच्या शेंगा

"अहो, आज तोडा ना. चार शेंगा पुरेत मला," खाटेवरून बायको म्हणाली.

बॉयलरवाले खिडकीबाहेर मटाराच्या वाफ्यात वाकून उभे होते. त्यांनी एक शेंग दोन बोटांत दाबून पाहिली आणि मान हलवली.

"दाणा कुठे धरलाय अजून? रविवारपर्यंत थांब. चांगल्या टच्च भरू देत."

"ह्या सालासकट खायच्या असतात. बियांच्या पाकिटावर लिहिलंय. जून झाल्या की नुसते दोर निघतात."

"पाकिटं छापणाऱ्याला काय कळतंय!"

ह्या गृहस्थांनी चौतीस वर्षं कापडगिरणीत बॉयलर सांभाळला. दाबाचा काटा खुणेला टेकल्याशिवाय वाफ सोडायची नाही, मग मॅनेजर कितीही बोंबलेना का. नोकरीत ह्या सवयीने त्यांचं नाव झालं. घरात त्याच सवयीने बायकोच्या नाकी नऊ आणले. समुद्र बघायला जायचं, पण मुलगी मार्गी लागल्यावर. मुलगी मार्गी लागली, परगावी गेली. मग निवृत्त झाल्यावर. तेही झाले, आणि समुद्र होता तिथेच राहिला.

बी तिनेच पेरलं होतं, दुखणं कळायच्या आधी. सोमवारपासून औषधं सुरू व्हायची होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "तोंडाची चव जाईल. आवडीचं काय खायचं ते आधीच खाऊन घ्या." तिला दुसरं काही नको होतं. फक्त वेलावरची शेंग, कच्ची, गोड.

रविवारी ते ऐटीत ताट भरून घेऊन आले. शेंगा फुगून गलेलठ्ठ झाल्या होत्या. तिने एक तोंडात घातली, बराच वेळ चावत राहिली, मग हळूच चोथा काढून मुठीत लपवला.

"गोड आहे हो."

त्यांनीही एक खाऊन पाहिली. दाणा पिठूळ आणि साल म्हणजे निव्वळ सुतळी. ताट घेऊन ते स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उगाच उभे राहिले. चार दिवसांपूर्वी तोडल्या असत्या तर आपलं काय बिघडलं असतं, हे त्यांना काही केल्या सांगता येईना. स्वतःचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता.

त्याच संध्याकाळी त्यांनी एकूण एक जून शेंग तोडून वेल मोकळे केले. ओझं उतरल्यावर वेलांना पुन्हा फुलं आली, मागोमाग शेंगा धरल्या. एव्हाना तिची औषधं सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. आता ते दिवसातून तीनदा वाफ्यावर जात. एका सकाळी, साल अजून तुकतुकीत आणि दाणे जेमतेम उठलेले असताना, त्यांनी पाच शेंगा तोडल्या, धुतल्या, कडेच्या शिरा काढल्या आणि लगबगीने खाटेपाशी आणल्या.

तिने शेंग मोडली. कट्‌कन आवाज झाला. ती सावकाश चावत राहिली. ह्या वेळी तोंडातून काही काढावं लागलं नाही.

"कुरकुरीत आहे," ती म्हणाली.

गोड आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. ताटली पुढे धरून ते बसून राहिले, आणि तिने त्यांच्यासाठी पाचही शेंगा संपवल्या.