पाय पुढे

डॉन फेर्मिन आमच्या बंडखोर सरकारचे अध्यक्ष. तिशीतल्या तापात त्यांचे दोन्ही पाय लुळे पडले, डोकं मात्र वस्तऱ्यासारखं. मी आणि तासियोने बांबूला बांधलेल्या झोळीतून त्यांना आठ महिने डोंगरदऱ्यांतून वाहिलं. त्यांचं डोकं कायम पुढच्या बाजूला. पुढचं टोक माझ्या खांद्यावर असल्यामुळे सूचना आणि शिव्या थेट माझ्या कानात पडत.

मग आमची बेटं बळकावायला आलेल्या अमेरिकनांनी हुकूम काढला, की ज्याला चालता येत नाही असा कुणीही दिसला की धरा. नदीपलीकडे आमची माणसं वाट पाहत होती आणि पुलावर चौकी होती. डॉन फेर्मिन सापडले असते, तर बंड तिथंच संपलं असतं.

"प्रेताला कोण अडवतंय?" तासियो म्हणाला. गरिबाचं प्रेत आमच्याकडे असंच चटईत गुंडाळून बांबूवरून नेतात.

"मेल्याचं सोंग? मी नाही घेणार," डॉन फेर्मिन फणकारले.

"मग धरले गेल्यावर खरंच मरा." तासियोच्या जिभेला हाड नव्हतं.

अध्यक्ष निमूट चटईत शिरले.

पुलावरच्या गोऱ्या शिपायाने टोपी काढून वाट दिली. त्याच्याबरोबर आमच्यातलाच एकजण होता, त्यांचा गणवेश चढवलेला. तो पुढे आला आणि त्याने चटईभोवती एक फेरी मारली.

"कोण गेलं?"

"मामा माझे."

"कशाने?"

"कॉलऱ्याने."

गोरा चार पावलं मागे सरला. हा मात्र माझ्या कानाशी वाकला. "गाढवा, मेलेल्याला डोकं पुढे करून नेतात होय रे?"

माणूस शेवटचा निघतो तो पाय पुढे करून, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आठ महिन्यांच्या सवयीने घात केला होता.

"फिरव," तो पुटपुटला. "पुढच्या चौकीवर माझा भाऊ आहे. तो माझ्यासारखा नाही."

आम्ही जागच्या जागी बांबू फिरवला आणि निघालो. पुढच्या चौकीवर त्याच्या भावाने चटईकडे एकदा पाहिलं, छातीवर क्रूस काढला आणि आम्हाला सोडलं.

झाडीत पोचल्यावर चटई उलगडली. डॉन फेर्मिनच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बराच वेळ आपल्या पायांकडे बघत राहिले.

"वीस वर्षं यांना नुसतं ओझं समजलो," ते म्हणाले. "आज यांनीच पार नेलं."

"आणि डोक्याने तर धरूनच दिलं होतं," तासियो म्हणाला.

त्या दिवशी त्यांनी त्याला शिवी दिली नाही.