कलिंगडाचा श्वास

चाकणच्या कंपनीत मी गेली एकवीस वर्षं हवा पकडतो. म्हणजे गाड्यांच्या पाइपांमध्ये हवा भरायची आणि ती कुठून सुटते का ते बघायचं. सुटली की पाइप रिजेक्ट, आणि पाइप बनवणाऱ्याची माझ्याकडून बिनपाण्याची. अशा माणसाच्या नाकावर मास्क बसवला आणि तोच चारी बाजूंनी फुसफुसायला लागला, म्हणजे काय म्हणायचं सांगा!

प्रकरण सुरू झालं मोशीच्या सिग्नलवर. लाल दिवा लागला, मी गाडी थांबवली आणि झोपलो. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोने, चित्राने, दंडावर फटका मारेपर्यंत सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला होता आणि मागचे लोक माझ्या खानदानाची चौकशी करत होते. घरी आल्याआल्या तिने गाडीची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. मग डॉक्टर, अंगभर वायरी लावून तपासणी आणि निकाल. झोपेत माझा श्वास तासाला चाळीस वेळा थांबतो म्हणे. त्यावर उपाय एक मशीन. ते नळीतून हवा ढकलतं, ती मास्कमधून नाकात जाते आणि घसा उघडा राहतो.

"महिनाभर रोज निदान चार तास लावायचा," चित्राने जाहीर केलं. ती शाळेत शिकवते, त्यामुळे घरातही सगळं जाहीरच होतं. "डॉक्टरांचा रिपोर्ट चांगला आला की किल्ली. तोवर कंपनीची बस."

बस! काल लागलेली पोरं शेजारी बसून विचारायची, "सर, गाडी सर्व्हिसिंगला?" मी हो म्हणायचो. पंधरा दिवस गाडी सर्व्हिसिंगलाच होती.

बरं, मास्क लावायला माझी ना नव्हती. पण लावला की वाटायचं, कुणीतरी सायकलच्या पंपाने मला फुगवतंय. तोंड उघडलं की हवा तोंडातून फुर्रकन बाहेर. पट्टे आवळले तर गालावर वळ, सैल सोडले तर डोळ्यांत वारा. अर्ध्या तासात मास्क उशीखाली आणि मी घोरायला मोकळा. क्लिनिकमधला निरंजन बघायला आला. चोवीस-पंचवीसचा मुलगा, पण मास्कभोवती बोट फिरवून आधी मिशीपाशीच थांबला.

"लीक इथून होतंय काका. मिशी काढून टाका."

"मास्क बदल," मी म्हणालो. "मिशी लग्नाच्या आधीची आहे."

आता मशीनमध्ये सिमकार्ड होतं. किती तास चाललं ते आपोआप क्लिनिकला कळायचं आणि रोज दुपारी चित्राच्या मोबाइलवर मेसेज यायचा. 'कालचा वापर : अठ्ठावीस मिनिटं.' मग रात्री माझी शाळा भरायची.

आणि मला सेकंड शिफ्ट लागली. मी मध्यरात्री येऊन हॉलमधल्या दिवाणावर डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपायचो, चित्रा सकाळी साडेसहाला शाळेत. नऊला उठलो की दोनपर्यंत घर माझं. मी विचार केला, मशीनला तास हवेत ना? देऊ तास. हवा अडवणारं काहीतरी मिळालं म्हणजे झालं, आणि ते काम माझ्याइतकं या पट्ट्यात कुणाला जमतं? माठ बघितला, चंबू बघितला. शेवटी स्वयंपाकघरात कलिंगड दिसलं. गोल, गुळगुळीत आणि मुख्य म्हणजे बिनमिशीचं. मास्क असा बसला की काय सांगू! साबणाचं पाणी लावून बघितलं, एक बुडबुडा नाही.

तुम्हाला सांगायला हवं, गेल्याच वर्षी आमच्या लाइनवरच्या रणजीतने शिफ्ट सुरू होतानाच आठ तासांचे आकडे चेकशीटवर भरून ठेवले होते, एकाच पेनाने. सगळ्यांसमोर त्याला झाडला होता मी. "अरे, पाइप फुटला तर गाडीत बसलेला माणूस मरेल! तुझं अक्षर वाचून वाचणार आहे का तो?" असला मी! नाकाने कांदे सोलणारा.

चार दिवस झकास गेले. पावणेपाच तास, पाच तास. चित्राचा चेहरा खुलला. एकदा तर शिरा केला.

पाचव्या दिवशी अकराच्या सुमाराला मी पोहे खात होतो. दिवाणावर, माझ्या उशीवर, मास्क लावून कलिंगड. धाडकन दार उघडलं. दारात चित्रा. एका पायात चप्पल, दुसरी कुठे पडली देव जाणे, बोटांना खडू तसाच. हातातला फोन चालू होता आणि त्यातून निरंजन ओरडत होता, "काकू, पोचलात का? आज सहज लाइव्ह उघडून बघितलं तर मशीन चालू आहे पण दोन तासांत एकही श्वास दिसत नाहीये!"

तिने माझ्याकडे बघितलं. मग कलिंगडाकडे.

"पोहे खातायत," ती फोनमध्ये म्हणाली आणि फोन बंद केला.

मला वाटलं, आता तोफ सुटणार. तर ती दिवाणाच्या कडेवर मटकन बसली आणि रडायलाच लागली.

"अगं, आकडेच तर..." मी म्हणालो. गाढव, दुसरं काय.

"चार वर्षं तुमचा श्वास थांबला की मी मोजत पडते," ती म्हणाली. "वीसपर्यंत. तरी आला नाही तर ढोसते. तुम्ही म्हणता, झोपमोड करतेस. करते! हॉलमध्ये झोपलात तर दार उघडं ठेवून ऐकते. हे चार दिवस मेसेज बघून म्हटलं, आता मशीन बघतंय. दार लावून झोपले मी. शांत झोपले हो! आणि तुम्ही इथे..."

मी उठून मशीन बंद केलं. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. रणजीतने निदान दुसऱ्याची गाडी धोक्यात घातली होती. मी माझ्या पहारेकऱ्याला खोटं सांगून झोपवलं होतं.

त्याच दुपारी मिशी उतरवली. कंपनीत रणजीतने विचारलं, "सर, मिशी?" म्हटलं, "रिजेक्ट झाली." कलिंगड चित्राने कापलं नाही, वॉचमनला देऊन टाकलं.

महिना पुन्हा पहिल्यापासून मोजला, बेडरूममध्ये, तिच्या देखत. पहिला आठवडा छळ होता, खोटं कशाला बोलू. मग एका सकाळी जाग आली ती सरळ साडेसातला, मास्क जागच्या जागी, आणि डोकं असं हलकं की मलाच संशय आला. रिपोर्ट आला. चित्राने तो दोनदा वाचला, निरंजनला फोन करून खात्री केली आणि किल्ली टेबलावर ठेवली.

रविवारी आळंदीला निघालो. माझ्या शेजारी बसली की चित्राचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत असतो. मोशीच्या सिग्नलवर तिने माझ्याकडे निरखून बघितलं. मी डोळे मोठे करून दाखवले. पुढे हायवेला लागलो आणि शेजारून आवाज आला. बघतो तर मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं, पाय सैल, आणि बाईसाहेब चक्क घोरत होत्या.

आळंदी फाट्याला वळायचं होतं. वळलो असतो तर खड्ड्यांनी ती जागी झाली असती. मी सरळ गेलो. चाकणच्या चौकात नेहमीसारखा कंटेनर आडवा होता. पाऊण तास अडकलो आणि एकदाही हॉर्न वाजवला नाही.